पावणेतीन मिनिटांचं गाणं : तालमीच्या नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

ठरलं. २२ फेब्रुवारीला ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये ‘द हू’ या इंग्लिश रॉक बँडच्या ‘टॉमी’ अल्बमवर दीड तासाचा कार्यक्रम. चोवीसच्या चोवीस गाणी आमच्या आवाक्यातली नाहीत. त्यातली सात वाजवायची आणि मधली गोष्ट मराठीत सांगायची. गिटार, बेस, गायिका आणि ड्रम्सवर मी. निवेदनही माझ्याकडेच आलंय.

ही वही मात्र एकाच गाण्यासाठी उघडतोय, ‘आय ॲम फ्री’. बाकीची सहा बसतील, घासून बसतील. हे गाणं कॉलेजपासून माझ्या हातातून निसटत आलंय. पावणेतीन मिनिटंसुद्धा नाही, शब्द मोजके, सूर सरळ. तरी दर वेळी ड्रम्स आले की पायाखालची फळी सरकल्यासारखं होतं.

गोष्ट थोडक्यात लिहून ठेवतो, निवेदनाला उपयोगी पडेल. पहिलं महायुद्ध. कॅप्टन वॉकर बेपत्ता, मेला असं धरलेलं. मागे बायको आणि नवजात टॉमी. १९२१ साली कॅप्टन परत येतो, घरात दुसरा पुरुष असतो, त्याचा खून होतो. मुलगा हे सगळं आरशात बघतो. आईबाप त्याला दटावतात की तू काही पाहिलं नाहीस, काही ऐकलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाही. मूल ते शब्दशः पाळतं. डोळे, कान, वाचा, सगळं मिटून घेतं. पुढे आरसा फुटतो आणि तो जागा होतो. लोक त्याला गुरू करतात, तोही होतो.

११ जानेवारी, शनिवार

आज दिवसभर सुरुवातीचे काही सेकंदच ऐकले. आधी हेडफोनवर, मग स्पीकरवर, मग शेजारच्या खोलीत जाऊन भिंतीआडून.

काय होतं ते नीट मांडून ठेवतो. गिटारचा पहिला आघात कानावर पडतो आणि मन लगेच ठरवतं, ही सम, तालाची पहिली मात्रा. मान हलायला लागते. लहानपणी पाच वर्षं तबला शिकलोय, समेची जागा शोधायची सवय हाडात आहे. मग तालवाद्यं येतात आणि कळतं की गिटार समेवर नव्हतीच, अर्धी मात्रा सरकलेली होती. तोवर मनाने अख्खं घर चुकीच्या पायावर बांधलेलं असतं. गायक पहिली ओळ म्हणतो ती आपण सावरतोय तोवर निघूनही जाते.

बेस वाजवणाऱ्याला विचारलं तर म्हणतो, मला कधीच चुकल्यासारखं वाटलं नाही. गायिकेला दर वेळी वाटतं. म्हणजे निम्म्या लोकांना दोन समा ऐकू येतात, निम्म्यांना एकच.

१२ जानेवारी

क्लिक, म्हणजे ठेका मोजणारी टिकटिक, लावून वाजवलं. क्लिक असली की बिनचूक, काढली की चूक. याला बसलं म्हणत नाहीत.

१५ जानेवारी, बुधवार

दिलासा मिळाला, आणि तो अशा ठिकाणाहून की रात्री झोप आली नाही.

रेकॉर्डिंग लंडनच्या आयबीसी स्टुडिओत झालं, सप्टेंबर १९६८ ते मार्च १९६९. निर्माता किट लँबर्ट. ड्रम्सवर कीथ मून. रॉकमध्ये इतका बेफाम, इतका बांध न मानणारा ड्रमर दुसरा मला माहीत नाही. आणि या गाण्याची सुरुवात त्याला जमली नाही! बेस वाजवणाऱ्या जॉन एंटविसलने हे नंतर सांगितलंय. मूनला तो ठेका त्यांच्यापेक्षा वेगळा ऐकू येत होता आणि काही केल्या तो कानातून जाईना. शेवटी एंटविसल आणि गाणं लिहिणारा गिटारवादक पीट टाउनशेंड यांनीच सुरुवातीचं स्नेअर, हाय-हॅट आणि टँबरिन वाजवून ठेवलं. मूनने मग त्यावर मधले ड्रम्सचे तुकडे चढवले. मंचावर तर त्याला आत घ्यायला दोघं त्याच्यासमोर चक्क मोठमोठी पावलं टाकायचे, म्हणजे सम त्याला दिसावी.

हे वाचल्यावर बराच वेळ स्टिका हातात धरून बसून राहिलो. गाणं मोकळं होण्याचं, ड्रमर जगातला सर्वांत मोकळा, आणि त्याला आत यायला दुसऱ्याच्या पावलाकडे बघावं लागतंय.

आणखी एक. टाउनशेंडला हा ठेका सुचला रोलिंग स्टोन्सच्या ‘स्ट्रीट फायटिंग मॅन’वरून. त्या गाण्याचा ताल नेमका कसा बसलाय हे त्याला उशिरा उमगलं, आणि उमगल्यावर हे इतकं सोपं होतं याचंच नवल वाटलं. मग त्याने स्वतःचं केलं. त्याच्या गाण्यातही टॉमी तेच म्हणतो, की वरच्या टोकाला कसं पोचायचं ते सांगितलं तर तुम्ही हसाल, इतकं सोपं काही नसतं म्हणाल. तालाचा अनुभव शब्दांत उतरलाय असं मला वाटतं.

१९ जानेवारी, रविवार

मूळ गाणं इंग्रजीतच गायचं. त्याचं मराठी गाणं करायचं नाही, तो हक्क आपला नाही. पण आधी दोन मिनिटांच्या निवेदनात अर्थ सांगायचा आहे आणि अख्खी दुपार एका शब्दात गेली. ‘फ्री’ला काय म्हणायचं?

‘स्वतंत्र’ पहिल्यांदा बाद झाला. देश स्वतंत्र होतो, भाऊ वाटणी करून स्वतंत्र होतो. त्यात सही-शिक्का आहे, अंगाला काही लागत नाही.

‘मुक्त’ गायिकेला हवा होता. मला तो फार वरचा वाटतो. आपल्याकडे मुक्त झालेला माणूस परत बाजारात येत नाही. कीर्तनात ऐकलेला शब्द आहे, तो उच्चारला की टाळ वाजल्याशिवाय राहत नाहीत. टॉमी तिथवर पोचलेला नाही, अल्बमच्या शेवटच्या गाण्यात ते कळतंच.

‘सुटलो’ चांगला आहे. पण परीक्षा झाली की सुटतो, नको असलेला पाहुणा गेला की सुटतो. कशातून सुटलो एवढंच त्यात दिसतं, सुटून कुठे आलो ते दिसत नाही.

रात्री भांडी लावताना आई फोनवर कुणाला तरी सांगत होती, “रडली, बोलली, मोकळी झाली बिचारी.” कपाट तसंच उघडं टाकून वहीकडे आलो. मोकळा! बोलून मोकळा होणे. ज्या पोराला ‘कुणाला काही सांगायचं नाही’ म्हणून बंद केलं, त्याला हाच शब्द. केस मोकळे, रस्ता मोकळा, मन मोकळं, श्वास मोकळा. या शब्दाला आधी काहीतरी आवळलेलं असावं लागतं.

तर निवेदनातलं वाक्य असं होईल: मी मोकळा झालोय, आणि तुम्ही माझ्यामागे कधी येताय याची वाट बघतोय.

बेसवाल्याला फोनवर वाचून दाखवलं. तो लगेच म्हणाला, “मोकळ्या माणसाला मागे माणसं कशाला लागतात?”

‘मुक्त’ म्हटलं असतं तर हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नसता, त्याला ते संतवचन वाटलं असतं. ‘मोकळा’ने वाक्यातली फट उघडी पाडली. फट मुळातच आहे, एकाच श्वासात सुटका आणि अनुयायांची अपेक्षा. पुढच्या कडव्यात त्याचं म्हणणं असं की प्रेषितांनी कितीदा दाराकडे बोट दाखवलं, पण देवळाबाहेर पडायची छाती कुणाला झाली नाही. आणि हे सांगणारा स्वतःच नवं देऊळ उघडून बसलाय.

२६ जानेवारी, रविवार

मावशी आली होती. ती कर्णबधिर मुलांच्या शाळेत सव्वीस वर्षं शिकवून निवृत्त झाली. निवेदनाचा कागद वाचायला मागितला, पहिल्याच ओळीवर थांबली. मी लिहिलं होतं, ‘मुका, बहिरा, आंधळा टॉमी एके दिवशी बरा होतो आणि मोकळा होतो.’

“हे खोड,” म्हणाली. “त्याचे कान चांगले आहेत. त्याला गप्प केलंय. माझी पोरं कुणी गप्प केलेली नव्हती रे. ती दिवसभर हातांनी बडबडायची, वर्गात शांतता म्हणून नसायची. त्यांना ऐकू येत नाही म्हणजे ती कोंडलेली आहेत असं कुणी समजून घरी जायला नको.”

मी म्हटलं, मूळ गाण्यांतच तसं आहे, १९६९ ची भाषा आहे. तिने मान हलवली. “गाण्यात असू दे. निवेदन तुझं आहे ना?”

ओळ खोडली. आता अशी आहे: ‘टॉमीने जे पाहिलं ते बोलायची त्याला बंदी झाली, आणि त्याने स्वतःला आतून कडी घातली.’ आधीपेक्षा गोष्टीशी जास्त प्रामाणिक आहे. इतकी वर्षं हा अल्बम ऐकतोय, पण कडी आतून आहे हे लिहिताना पहिल्यांदा लक्षात आलं.

मग तिला माझ्या समेची अडचण सांगितली. मूनची पावलंही सांगितली. त्याचं तिला काहीच नवल वाटलं नाही. पंधरा ऑगस्टला त्यांच्या शाळेची मुलं लेझीम करायची. मोठा ढोल मैदानात मध्यभागी, त्याचा धक्का तळपायांना लागायचा. पण सुरुवात पायाने कळत नाही, कारण ढोल वाजेपर्यंत पाय कशाची वाट बघणार? म्हणून सगळी पोरं पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या गुडघ्याकडे बघायची. गुडघा वर गेला की श्वास घ्यायचा, खाली आला की लेझीम. “एकदाही चुकली नाहीत,” मावशी म्हणाली. “तूही कानावर विसंबू नकोस. कान तुझा खोटं बोलतोय तर डोळ्याला विचार.”

३१ जानेवारी, शुक्रवार

सुट्टी काढून मेहेराबादला जाऊन आलो. नगरहून दौंड रस्त्याने अरणगाव, दुचाकीवर जेमतेम वीस मिनिटं. इतक्या जवळ राहून मेहेरबाबांच्या समाधीवर कधी गेलो नव्हतो.

जायचं कारण अल्बमच्या वेष्टनावर आहे. श्रेयनामावलीत गिटार कुणाची, ड्रम्स कुणाचे यांच्या बरोबरीने एक नाव छापलंय, अवतार मेहेरबाबा. टाउनशेंड त्यांना मानायचा. चित्रकार माइक मॅकइनर्नी, ज्याने ‘टॉमी’चं मुखपृष्ठ केलं, त्याच्यामुळे ही ओळख झाली. बाबांची आणि टाउनशेंडची भेट मात्र कधीच झाली नाही. ३१ जानेवारी १९६९ ला मेहेराझादला बाबांनी देह ठेवला तेव्हा लंडनमध्ये हाच अल्बम रेकॉर्ड होत होता. टाउनशेंड इथे आला तो १९७२ मध्ये. बाबा म्हणजे पुण्यात जन्मलेले मेरवान शेरियार इराणी. कॅम्पातल्या झाडाखाली बसणाऱ्या हजरत बाबाजान, साकोरीचे उपासनी महाराज, अशा माणसांकडून घडलेले. सगळी आपल्या एसटीच्या रस्त्यांवरची गावं. आमच्या भागातल्या लोकांना बाबा ठाऊक आहेत, हा अल्बम नाही. अल्बमवाल्यांना अरणगाव ठाऊक नाही. निवेदनात हे दोन्ही बाजूंना सांगायचंय.

आज अमरतिथी, बाबांनी देह ठेवल्याचा दिवस, त्यामुळे गर्दी. दुपारी बारा वाजता मौन सुरू झालं. हजारो माणसं, आणि एकदम काही नाही. लहान मूल कुठेतरी कुरकुरलं, कापडी मंडपाचा दोर वाऱ्याने खांबावर आपटत होता. मी सवयीने मात्रा मोजायला लागलो. मग खालून, वरचं आणि खालचं मेहेराबाद यांच्या मधून जाणाऱ्या रुळांवरून मालगाडी आली. टक-टक, टक-टक. पहिल्या टकेवर मी सम धरली. पंधरावीस डब्यांनंतर लक्षात आलं की माझी सम दुसऱ्या टकेवर गेलीय. गाडी तशीच चालली होती, तिने काहीच बदललं नव्हतं. बदल माझ्याकडेच झाला होता, आणि तो कधी झाला ते कळलं नाही. गाडी गेली. नंतर मोजलं नाही.

बाबांनी १० जुलै १९२५ ला याच ठिकाणी मौन धरलं ते अखेरपर्यंत. आधी अक्षरांच्या पाटीवर बोट ठेवून बोलायचे. १९५४ मध्ये तीही सोडली, मग नुसत्या खुणा. येत्या जुलैत शंभर वर्षं होतील. परत येताना डोक्यात एवढंच होतं, की एकाने आपण होऊन बोलणं सोडलं, दुसऱ्याला घरच्यांनी गप्प केलं, आणि दोघांच्याही भोवती माणसं जमली. टाउनशेंडने हे जुळवून लिहिलं की नाही यावर मी निवेदनात काही म्हणणार नाही. पण न बोलणाऱ्या गुरूला मानणाऱ्या माणसानेच असा नायक लिहिला, ज्याचं तोंड उघडल्यावर बिनसत जातं. हे मात्र सांगणार.

२ फेब्रुवारी, रविवार

आज तालमीत भांडण म्हणावं इतका वाद झाला. गिटारवाल्याचं म्हणणं, कार्यक्रम ‘आय ॲम फ्री’वर संपवू. लोक टाळ्यांनी ठेका धरतील, उठतील, आनंदात घरी जातील. त्याच्या बाजूने केन रसेलचा १९७५ चा चित्रपट आहे. तिथे हे गाणं आरसा फुटल्याबरोबर येतं, टॉमी झालेला ‘द हू’चा गायक रॉजर डाल्ट्री पळत सुटतो, शुद्ध आनंद. डाल्ट्रीनेच ते १९७२ च्या लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राच्या आवृत्तीतही गायलं होतं आणि इंग्लंडात ते चांगलं चाललं. वेगळं काढून ऐकलं तर हे विजयाचंच गाणं आहे, हे मलाही मान्य.

पण मूळ अल्बममध्ये ते आरशानंतर लगेच येत नाही. दुसऱ्या तबकडीच्या मागच्या, म्हणजे चौथ्या बाजूवर येतं, तोवर टॉमी प्रसिद्ध झालाय. बरोबर आधीचं गाणं सॅली सिम्पसनचं. ही मुलगी बापाचा विरोध डावलून त्याच्या सभेला जाते, त्याला हात लावायला मंचावर झेपावते, ढकलली जाते. गालावर टाके घेऊन घरी येते. त्यानंतर हा म्हणतो, मी मोकळा, माझ्यामागे या. त्या टाक्यांशिवाय हे वाक्य ऐकवणं मला पटत नाही. आणि पुढे काय होतं? सुट्टीची छावणी उघडते. तिथे अनुयायांनी डोळे, कान, तोंड बंद करून घ्यायचं, म्हणजे ते टॉमीसारखे होतील. लोक खवळतात, त्याला टाकून निघून जातात. देवळाबाहेर पडायची छाती शेवटी होते ती त्यांना, आणि देऊळ त्याचं असतं.

गाण्यातला आनंद खोटा आहे असं मी म्हणत नाही. कडी उघडल्यावर होणारा आनंद खराच आहे आणि तो खराच वाजवायला हवा, जोरात. चूक आहे ती पुढच्या अर्ध्या वाक्यात. माझं मोकळं होणं मी दुसऱ्याला उचलून देऊ शकत नाही. तो प्रयत्न केला की समोरच्याच्या तोंडात बूच बसतं.

गायिका माझ्या बाजूने बोलली. गाणं पाचवं राहील, आधी सॅलीची गोष्ट, शेवट लोकांच्या बंडाने. गिटारवाला घुसमटलेला होता, पण चहानंतर त्याने स्वतःच सॅलीच्या गाण्याचे कॉर्ड काढायला घेतले.

९ फेब्रुवारी, रविवार

मावशीचा उपाय लागू पडला. गिटारवाल्याने चप्पल काढली, उजवा गुडघा उचलून खरी सम पायाने द्यायला लागला. मी त्याच्या हाताकडे, तारांकडे बघायचं नाही, फक्त गुडघ्याकडे. पहिल्या चार वेळा कान आणि डोळा यांची ओढाताण झाली. पाचव्या वेळी कान गप्प बसला. स्नेअर पडला तो बरोबर जागेवर, आणि गिटारचा तोच तुकडा अचानक वेगळ्या रंगाचा वाटला, उलट बाजूने खेचणारा. एक तास तेवढंच वाजवलं. हाताला घट्टा आलाय.

१६ फेब्रुवारी

पूर्ण तालीम, एक तास अडतीस मिनिटं. निवेदन कापायला हवं. मेहेराबादचा परिच्छेद सोडून बाकीचं निम्मं केलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

काल झालं. हॉल पाऊण भरला. मेहेरबाबांचं नाव आलं तेव्हा मागच्या रांगेतल्या दोन वयस्क बायकांनी हात जोडले. सॅलीच्या गाण्यानंतर कुणी टाळी वाजवली नाही, तेच हवं होतं. मग निवेदन, ‘मी मोकळा झालोय’, आणि गिटार.

गुडघा वर, गुडघा खाली, मी आत. बरोबर.

मावशीने तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीला आणलं होतं. तिशीतली असेल, एका कारखान्यात काम करते. खुर्ची मिळत असून ती मंचाच्या कडेला उभी राहिली, एक तळवा लाकडी फळीवर ठेवून. संपल्यावर माझ्याकडे आली, हात भराभर हलवत. मावशीने सांगितलं, “ती विचारतेय, पाचव्या गाण्यात ढोल आल्यावर हॉलमधले सगळे दचकले. का दचकले?”

गिटार फळीतून तिच्या हातापर्यंत पोचलीच नव्हती. तिला बेस आणि माझी किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, लागली, आणि ती पहिल्यापासून समेवर होती. दोन समा तिला कधी मिळाल्याच नाहीत.

गिटारची ती अर्धी मात्रा मावशीकरवी, हातवाऱ्यांनी सांगायला दहा मिनिटं लागली. रिकाम्या मंचावर मी किक वाजवत राहिलो, गिटारवाला फळीवर बोटांनी आपला ठेका आपटत राहिला. तिने डावा तळवा माझ्या बाजूला ठेवला, उजवा त्याच्या. थोडा वेळ डोळे मिटले. मग मला थांबायची खूण केली आणि दोन्ही हातांनी फळीवर स्वतः वाजवून दाखवलं, डावा समेवर, उजवा अर्ध्या मात्रेवर.

गिटारवाला गुडघा हलवायला विसरला होता. तिला तो लागला नाही.